कोनी आणि रिकामा डोंगर

मी चोपन्न वर्षांची असताना दुबईतल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये उभी राहून सह्याद्रीतला एक उतार विकत घेतला. बघितला नव्हता. भाजीवाल्याकडून दुधी घेताना मी नख लावून बघते, आंबा घेताना देठाशी नाक नेते, पण डोंगर घेताना यातलं काहीच करावंसं वाटलं नाही. हॉलमध्ये भारतातल्या जमिनींचं प्रदर्शन होतं. दारात फुकट वडापाव होता आणि आत टाय लावलेला ठाण्याचा एक मुलगा ‘काकू, काकू’ करत मागे फिरत होता. त्याने मला एक गुळगुळीत चित्र दाखवलं. हिरवा डोंगर, वर ढग, मध्ये पांढरी बंगली आणि कुत्र्यामागे धावणारं एक गोरं कुटुंब. कर्जतच्या पलीकडे हे गोरं कुटुंब काय करतंय, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

“एकदम व्हर्जिन लँड, काकू. वर कुणी नाही, काही नाही. फक्त तुम्ही आणि निसर्ग.”

चाळीस हजार दिरहम, म्हणजे सहा-साडेसहा लाख. वडापाव डाव्या हातात धरून मी उजव्या हाताने सही केली. कागदावर तेलाचा डाग पडला. तो मुलगा म्हणाला, शुभ असतं.

त्या व्यवहाराची खूण माझ्या डाव्या भुवईवर आहे. परवा माझ्या नातीने, अन्वीने, तिच्यावर बोट ठेवून विचारलं, “आजी, डिड समवन हिट यू?”

“हो.”

“हू?”

“घरमालकिणीने.”

“डिडन्ट यू पे द रेंट?”

आम्ही दुबईतच, सिलिकॉन ओएसिसमध्ये माझ्या मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथल्या मुलांना रेंट हा शब्द आई-बाबांच्या आधी येतो. मी म्हटलं, भाडंही दिलं नव्हतं आणि तिच्या चुलीवरही बसले होते. अन्वी हसली. तिला वाटलं, आजी नेहमीसारखी थापा मारतेय. खरं काय ते सांगायचं तर कोनीपासून सुरुवात करायला हवी. कारण तिथे मला धाडलं कोनीने, आणि परत आल्यावर माझं डोकं तपासलंही तिनेच.

कोनीचं पासपोर्टावरचं नाव मारिया कॉन्सेप्सिओन आणि पुढे बरंच काही. अल क्वोजमध्ये एका केटरिंग कंपनीचं मोठं स्वयंपाकघर होतं, तिथून लेबर कॅम्पांना डबे जायचे. मी तिथे खरेदी बघायची. कोनी स्वयंपाकघराची प्रमुख होती. पगार माझ्याहून जास्त, आवाज त्याहून जास्त. पाच फूटही उंची नसेल, पण ती दारातून आत आली की दार अरुंद वाटायचं. मनगटं सुतारासारखी. उजव्या मनगटावर निळी गोम गोंदलेली. तिच्या आजीचे हात तर म्हणे खांद्यापर्यंत गोंदलेले होते. गावात मिशनची शाळा होती, तिथल्या नन्सनी ही गोम सैतानाची म्हणून भांडी घासायच्या ब्रशने घासली. “खून निकला, गोम नहीं निकला,” असं सांगून कोनी मनगट नाचवायची.

तिचा सुरा तिने मागच्या गल्लीतल्या पठाण लोहाराकडून करून घेतला होता, ट्रकच्या कमानपाट्याचा. कंपनीने दिलेल्या जर्मन सुऱ्यांना ती खेळणी म्हणायची. बर्फातून काढलेल्या कोंबड्या ती त्या सुऱ्याने एका घावात तोडायची आणि तोडताना चर्चमधली गाणी म्हणायची. आवाज गोड होता, हे आणखी भीतीदायक. एकदा पॅकिंगच्या रांगेतल्या एका नेपाळी मुलीच्या कमरेला सुपरवायझरचा हात लागला. कोनीने गाणं न थांबवता सुऱ्याची चपटी बाजू त्याच्या कानावर मारली. तो खाली बसला. कडव्याची ओळ संपवून ती म्हणाली, “नेक्स्ट टाइम दूसरा साइड लगेगा.” तो पुढे आठवडाभर डावीकडून बोललेलं ऐकू येत नाही असं सांगत होता, पण तक्रार मात्र त्याने केली नाही.

मी तिच्याहून मोठी म्हणून ती मला मनांग म्हणायची. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. मान एवढाच. बाकी सगळ्यांसारखी मीही तिच्या शिव्या खायची.

आणि तिचं एक वाक्य होतं. कुणी म्हणालं, वो पतीला खाली है, वो स्टूल खाली है, वो शेल्फ खाली है, की कोनी मान वर न करता विचारायची, “खाली किसने बोला?” पातेल्यात तिचं मीठ-पाणी मुरत असायचं, स्टूल कुणाच्या तरी दुखऱ्या पायासाठी ठेवलेलं असायचं. एकदा मी तिची मांडणी न विचारता माझ्या फायलींसाठी घेतली. त्या फायली मला नंतर कोंबड्यांच्या रक्ताच्या टबात सापडल्या. मी तेव्हा ऑफिसात लेखी तक्रार केली होती, दोन पानी, इंग्रजीत. आता आठवलं की हसू येतं. त्या फायलींत महत्त्वाचं असं काही नव्हतंच.

डोंगर घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात पेढे वाटले. कोनीला पेढा दिला, चित्र दाखवलं. तिने पेढा तोंडात टाकला आणि चित्र हातात घेतलं.

“किसका था पहले?”

“कुणाचा नाही. खाली था.”

माझ्या तोंडून शब्द गेला आणि मला कळलं, आता काय येणार. पण ती ते वाक्य बोलली नाही. तिने पेढा कचऱ्याच्या पिंपात थुंकला, तोंड धुतलं आणि पुढची कोंबडी ओट्यावर घेतली. मला राग आला. चितळ्यांच्या तोडीचे, शारजात करवून घेतलेले पेढे होते ते.

“नको असेल तर नको म्हणावं,” मी म्हटलं. “थुंकायचं काय?”

“मनांग, इधर बैठो,” ती म्हणाली. “पाँच मिनट. फिर गाली देना.”

मग कोंबड्या तोडता तोडता तिने जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी सुरा पडत होता, तो आवाज मात्र मला लिहिता येत नाही.

तिचं गाव फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांत. शेतं जिन्यासारखी, दगडी बांध रचून डोंगराच्या अंगावर बसवलेली. ती कुणी रचली ते कुणाच्या पणजोबालाही माहीत नाही. जमिनीखाली सोनं. पाचशे वर्षांपूर्वी रोमच्या पोपने फर्मान काढलं की ज्या मुलखात ख्रिस्ती राजा नाही तो मुलूख ज्या ख्रिस्ती राजाला सापडेल त्याचा. तिथे राहणारी माणसं? ती झाडांसारखी, जमिनीबरोबर मिळालेली. त्यावर स्पेनचा राजा म्हणाला, ही सगळी बेटं माझी. पुढे स्पेनने ती अमेरिकेला विकली. मग अमेरिकाही गेली आणि त्यांचं स्वतःचं सरकार आलं.

“सब चला गया, मनांग. वो बात नहीं गया. राजा का जमीन अब सरकार का जमीन.”

सरकारने त्यात भर घातली. ठराविक चढापेक्षा जास्त चढ असेल तर ती जमीन सरकारी जंगल धरायची.

“हमारा पूरा गाँव चढाई पे है. सीधा जमीन किधर से लाएगा? भगवान को बोलूँ, इस्त्री मार?”

मी हसले. ती हसली नाही.

ती शाळकरी असताना खाणकंपनीची माणसं शेतात लाल फडकी बांधलेले खुंट ठोकून गेली. कोनीच्या बापाने ते उपटून चुलीत घातले. पुन्हा ठोकले, पुन्हा उपटले. मग खुंटांबरोबर बंदुका आल्या. भर दुपारी भाताची लावणी चालली होती. बाप बांधावर उभा होता. गोळी गळ्यात लागली आणि तो खालच्या खाचरात पालथा पडला. कोनीच्या हातात रोपांची जुडी होती. ती तशीच धरून ती बघत राहिली. तिच्या आईने नवऱ्याला ओढून बांधावर ठेवलं, त्याच्या तोंडातला चिखल बोटाने काढला, डोळे मिटले, आणि पुन्हा खाचरात उतरली. राहिलेली रोपं लावायला लागली.

“मैं बोला, मम्मी, पापा. मम्मी मेरे को झापड मारा. बोला, लगाओ. आज नहीं लगाएगा तो कल वो लोग बोलेगा, खेत खाली है.”

मुलांनी संध्याकाळपर्यंत लावणी केली. बाप बांधावर होता. गावाच्या पाद्र्याने त्याला पुरलं आणि प्रवचनात सरकारचं ऐकावं असं सांगितलं. चर्च ज्या जागेवर उभं होतं ती कोनीच्या खापरपणजोबाची, हेही तिने जाता जाता सांगितलं. पण नंतर आलेला दुसरा पाद्री गावाच्या बाजूने उभा राहिला, आणि त्यालाही तशीच गोळी मिळाली. म्हणून ती चर्चमध्ये जायची. “ऊपर वाले से मेरा झगडा है. झगडा करने को मिलना पडता है.”

आई अजून तिथेच होती. एकटी, सत्तरीची. दर पावसाळ्यात लावणी करत होती. कंपनीचं नाव दोनदा बदललं होतं, तिची कुदळ बदलली नव्हती. भाऊ शहरात निघून गेले होते. कोनीला एकच धाकधूक होती. आई पडली तर शेत ओस पडेल, आणि एक पावसाळा ओस पडलं की संपलं.

“खलास,” ती म्हणाली आणि सुरा ओट्यात रुतवला. “अब तुम जाओ. अपना पहाड देख के आओ. उधर कौन है, देखो.”

“आमच्याकडे पोप नव्हता गं,” मी म्हटलं. “आमच्याकडे इंग्रज होता. जंगल त्याने सरकारजमा केलं.”

“वही है. टोपी दूसरा है.”

मला ते पटलं नाही. मी घरी जाऊन आमच्या ह्यांना म्हटलं, त्या बाईचं डोकं फिरलंय. हे हमरियाच्या फ्री झोनमध्ये पाइपांच्या कंपनीत हिशेब बघायचे. ते म्हणाले, “पण एकदा बघून यायला काय हरकत आहे?” त्यांचा एवढा ठाम आवाज लग्नानंतर मी प्रथमच ऐकत होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

कोनीचं डोकं कधीकधी फिरायचं हेही खरं. एक दिवस ऑलिव्ह तेलाचा विक्रेता आला. डब्यावर स्पेनचा झेंडा, शर्टावर स्पेनचा झेंडा. खरेदी माझ्याकडे, म्हणून मी त्याला आत नेलं. कोनीने झेंडा बघितला, पाच लिटरचा डबा उचलला आणि फेकला. डबा त्याच्या पायावर पडला, अंगठ्याचं हाड मोडलं, तेल सगळीकडे पसरलं आणि त्या तेलात तो माणूस ‘एन्डम्मे’ असं आईच्या नावाने ओरडत आडवा झाला. झेंडा स्पेनचा, माणूस कालिकतचा. स्पेन त्याने कॅलेंडरवरसुद्धा नीट बघितलं नसेल.

इथे हे फार महागात पडतं. पोलीस, कोर्ट, व्हिसा रद्द, परत पाठवणी. कोनीने त्याला पाठुंगळी मारून क्लिनिकला नेलं. रांगेत त्याची चप्पल हातात धरून बसून राहिली. डॉक्टरने विचारलं, काय झालं? तो मलयाळी बिचारा कोनीच्या मनगटाकडे बघून म्हणाला, “डब्बा हाथ से छूट गया.” पुढे दर ईदला आणि ओणमला ती त्याच्या खोलीवर बिर्याणी पाठवायची. त्याचं तेल मात्र तिने कधी घेऊ दिलं नाही.

डिसेंबरात ती मला चर्चमध्ये घेऊन गेली. मी गेले ती प्लम केकसाठी, उगाच दुसरं सांगत नाही. प्रार्थनेनंतर आवारातल्या हॉलमध्ये बाहेरदेशाहून आलेले एक म्हातारे पाहुणे पडद्यावर चित्रं दाखवत होते. जगाचा नकाशा होता आणि युरोपातून निघालेले लाल बाण आफ्रिका, अमेरिका, आशियात घुसत होते. प्रकाश अंधारात कसा पोहोचला, असं ते मृदू आवाजात सांगत होते. कोनी शेवटच्या रांगेत होती. ती उठली, चालत पुढे गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली. एक लाल बाण तिच्या पोटात रुतला. बेटं तिच्या छातीवर, समुद्र चेहऱ्यावर.

“फादर,” ती इंग्रजीत म्हणाली, “अंधार होता, असं कुणी सांगितलं?”

दोन माणसं तिला ओढायला आली. एकाला तिने कोपर मारलं, दुसऱ्याचा चष्मा उडाला. खुर्च्या पडल्या. कुणीतरी सिक्युरिटीला हाक मारली. माझ्या हातात केकचा तुकडा होता आणि तो खावा की ठेवावा या विचारात मी होते, एवढंच माझं शौर्य. मग ते म्हातारे पाहुणे स्वतः उठले आणि त्यांनी दिवा बंद केला. पडदा पांढरा झाला. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, मलाही शाळेत असंच शिकवलं होतं. कोनीने त्यांच्याकडे बघितलं. मग खाली पडलेल्या खुर्च्या उचलायला लागली.

गेल्या काही वर्षांत कधीतरी फोनवर बातमी वाचली. ती जुनी शिकवण आपली नाही, असं रोमने जाहीर केलं म्हणे. मी शोधून शोधून बघितलं. डोंगर परत दिल्याचं कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

तर, माझा डोंगर. पुढच्या वार्षिक सुट्टीत आम्ही दोघं तो बघायला गेलो. कर्जत सोडल्यावर डांबरी रस्ता संपला, मग कंपनीचा लाल मुरूम टाकलेला रस्ता, मग कमान. कमानीवर इंग्रजीत स्वर्गाच्या अर्थाचं काहीतरी लिहिलेलं. डोंगराला काटेरी तारेचं कुंपण. साइटचा सुपरवायझर मोटरसायकलवरून पुढे, आम्ही मागे. माझ्या डोक्यावर मोठी हॅट, डोळ्यांवर गॉगल आणि पिशवीत नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती. जमीन घेतली की भूमिपूजन करायला नको?

वर गेलो तर धूर होता. जळक्या गवताचा वास, आणि त्याहून वाईट, जळक्या घोंगडीचा. काही झोपड्यांचे नुसते काळे खांब उरले होते. एक मेलेली शेळी तारेत अडकली होती. एका खळ्यावर नाचणी पसरलेली आणि तिच्यावरून गाडीच्या चाकांच्या खुणा.

“हे काय?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“अतिक्रमण होतं, साहेब,” सुपरवायझर म्हणाला. “कातकरी लोकं. फॉरेस्टच्या जागेवर बसलेली. कागद ना काही. काल क्लिअर करून घेतली. तुमचा प्लॉट आता एकदम रिकामा.”

आता ऐका मूर्खपणाचा कळस. मी घाबरले होते, पण पिशवीत नारळ होता आणि एवढ्या लांब आलो होतो. मला वाटलं, पूजा केली की मनाला बरं वाटेल. पूजेला बसायला एक सपाट दगड दिसला, शेजारी आणखी दोन होते. एका दगडावर मी टेकले, दुसऱ्यावर कुंकू वाहिलं, तिसऱ्यावर नारळ फोडला. नारळाचं पाणी खाली राखेवर पडलं आणि चर्र आवाज झाला. राख गरम होती. आयुष्यभर चुलीपुढे उभी राहिलेली बाई मी, आणि तीन दगडांची चूल मला ओळखता आली नाही.

“ऊठ.”

करवंदीच्या जाळीमागून एक म्हातारी पुढे आली. अंगावर एक लुगड्याचा तुकडा, हातावर भाजल्याचे फोड.

“माझे चुलीवरून ऊठ, बाय.”

मी उठलेच नाही. भीतीने नाही, कुंकवाची डबी उघडी होती म्हणून. ती सांडेल असं वाटलं. तेवढ्यात दगड आला. हॅट उडाली, गॉगल फुटला आणि डाव्या डोळ्यापुढे सगळं लाल झालं. मी पडले ती नारळाच्या करवंटीवर. उरलेल्या डोळ्याने दिसलं की कंपनीचा गार्ड काठी घेऊन धावला आणि त्याने म्हातारीच्या पाठीत पहिली काठी घातली. दुसरी खांद्यावर. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज. ती ओरडली नाही, दुसरा दगड शोधत होती. तिसरी काठी खाली आलीच नाही. आमच्या ह्यांनी ती धरली होती. आयुष्यात डास मारताना कचरणारा माणूस तो. गार्डने काठी हिसडली तेव्हा ह्यांच्या तळहाताची कातडी निघाली, पण काठी सुटली नाही.

“सोड,” हे म्हणाले. “जागा माझ्या बायकोची आहे ना? मग माझ्या बायकोच्या जागेवर कुणी कुणाला मारायचं नाही.”

त्या जमिनीचा मालकी हक्क आम्ही वापरला तो एवढाच.

म्हातारीचं नाव गंगी. हे तिथल्या दवाखान्यात कळलं, कारण आम्ही दोघी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. मला टाके पडले, तिच्या खांद्याला पट्टा बांधला. तिने माझ्या कपाळाकडे बघून विचारलं, “लागलं का जास्ती?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “मग जा आता.”

प्लॉट परत घ्यायला कंपनी तयार नव्हती. मग मी परत करायचा उद्योगही सोडला. आज त्या डोंगरावर पांढऱ्या बंगल्या आहेत, एकीत पोहायचा तलावही आहे. मधला एक तुकडा तेवढा उघडा, माझ्या नावावरचा. त्यावर गंगीच्या सुनेची नाचणी आणि वरी. बाकीच्या झोपड्यांतली माणसं कुठे गेली ते मला माहीत आहे. वीटभट्टीवर. एका तुकड्याने काय होतं, असं मला मुलगा विचारतो. सोसायटीचं पत्र दरवर्षी येतं: आपला प्लॉट रिकामा पडून आहे, कृपया विकसित करा. मी दरवर्षी फोन करते आणि विचारते, रिकामा कुणी सांगितलं? तिकडच्या मुलीला वाटतं, म्हातारीला भ्रम झालाय.

सुट्टी संपवून मी कपाळावर पट्टी घेऊन अल क्वोजला परत आले तर ओट्यावर जर्मन सुरे चालत होते. कमानपाट्याचा सुरा दिसला नाही. नेपाळी मुलगी म्हणाली, कोनी मॅडमने राजीनामा दिला, आज दुपारचं विमान आहे.

तिच्या गावात खोदायचं यंत्र चढलं होतं. गावातले पुरुष पांगले. तेव्हा तिची आई आणि आणखी काही म्हाताऱ्या यंत्रासमोर गेल्या आणि त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले. त्यांच्याकडे संतापलेल्या आईला तसं बघणं म्हणजे पुरुषावर मोठं अरिष्ट. यंत्र चालवणारा त्याच डोंगरांतला होता, तो उडी मारून पळाला. बंदुकवाले बाहेरचे होते. एकाने बंदूक उलटी धरून दस्ता कोनीच्या आईच्या हातावर घातला, कोपराखाली हाताचे दोन तुकडे. यंत्र त्या दिवशी परत गेलं. लावणी मात्र महिन्यावर आली होती आणि आईचा उजवा हात गळ्यात होता.

मी टॅक्सी करून विमानतळावर गेले. कोनी रांगेत होती, चर्चला जायचा फुलाफुलांचा झगा घालून. ट्रॉलीवर दोरीने आवळलेलं खोकं. आत दूध पावडरीचे डबे आणि त्यांच्यामध्ये, टॉवेलात गुंडाळलेला, तो सुरा. मला बघून तिने ट्रॉली मध्येच सोडली. मागचा माणूस ओरडला, “यल्ला, यल्ला,” तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो आपली बॅग तपासायला लागला.

मी तिला सगळं सांगितलं. झोपड्या, शेळी, चूल, नारळ, गंगी. रडतही होते बहुतेक. मी म्हटलं, “तुझ्या आईला काही झालं तर तू एकटी काय करणार तिथे?” ती म्हणाली, “लगाएगा. और क्या?”

त्यानंतर एकदा तिने फोटो पाठवला होता. खाचरात पाठमोरी म्हातारी, एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात रोपं, आणि शेजारी वाकलेली कोनी. पुढे तिचा फोन लागेनासा झाला. मी अजून लावून बघते.

पण त्या दिवशी विमानतळावर ती माझ्यासमोर होती. तिने माझी पट्टी न विचारता वर उचलली, टाके बघितले, भुवईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर अंगठ्याने मोजलं आणि नापसंतीने मान हलवली. मग ट्रॉलीला हात घालत जे म्हणाली ते तिचेच शब्द:

“निशाना कच्चा है, मनांग. मेरा मम्मी फेंकता तो आँख जाता. अगला बार हेलमेट पहन के जाना. लेकिन जाना.”